खंडेनवमीचा फोटो आणि 40 वर्षांचे रजिस्टर : भोसरीतल्या एका अ‍ॅस्बेस्टोसिस दाव्याचा अभ्यास

या दाव्याच्या फायलीत निशाणी 17 म्हणून एक फोटो आहे. 1991 ची खंडेनवमी. भोसरी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये मिक्सरला झेंडूची माळ घातलेली, ग्राइंडिंग मशीनवर हळदी-कुंकवाची बोटे ओढलेली, पुढे नारळ आणि पेढ्यांचा पुडा. मशीनमागे दाटीवाटीने उभी सतरा माणसे. डावीकडून चौथे अण्णा, ज्यांचा हा दावा. त्यांच्या खांद्यामागे पोत्यांची थप्पी दिसते आणि सगळ्यात वरचे पोते फुटलेले आहे. फुटल्या जागेतून जे पांढरे, केसाळ बाहेर आले आहे ते क्रायसोटाइल, म्हणजे पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस.

हा फोटो न्यायालयात द्यावा की नाही, यावर मी तीन रात्री विचार केला होता. त्याचे कारण पुढे येईल.

मी पुण्यात कामगार न्यायालयात वकिली करते. अण्णांच्या घरच्यांना विचारून हे प्रकरण लिहिते आहे. त्यांचे नाव, कारखान्याचे नाव, दवाखान्यांची नावे गाळली आहेत. लिहायचे कारण एवढेच की अ‍ॅस्बेस्टोसिसचे, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने फुफ्फुस कडक होण्याच्या आजाराचे दावे आपल्याकडे फार थोडे दाखल होतात, आणि जे होतात त्यांतले बरेचसे पहिल्याच पायरीवर, कागदाअभावी अडतात.

अण्णा खटाव तालुक्यातले. 1984 साली गावच्या एकाच्या ओळखीने भोसरीत आले आणि ब्रेक लायनर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात लागले. ट्रक-टेम्पोच्या ब्रेकला जो लायनर लागतो, तो उष्णतेने जळू नये म्हणून त्यात अ‍ॅस्बेस्टॉस घालत. पोते फोडायचे, तंतू मिक्सरमध्ये ओतायचे, त्यात फिनॉलिक रेझिन आणि इतर पावडरी मिसळायच्या, प्रेसमध्ये दाबायचे, ओव्हनमध्ये भाजायचे आणि मग ग्राइंडिंग, ड्रिलिंग. सगळ्यात जास्त धूळ दोन ठिकाणी उडते, पोते फोडताना आणि ग्राइंडिंगवर. अण्णांनी पहिली सहा वर्षे पोती फोडली आणि पुढची तेरा वर्षे मिक्सर व ग्राइंडिंगवर आलटून-पालटून काम केले. तोंडाला रुमाल. एक्झॉस्ट पंखा होता, तो शेजारच्या शेडवाल्याने तक्रार केली की बंद ठेवत.

"मालक रोज संध्याकाळी गूळ द्यायचे, ताई. गुळाने धूळ पोटात उतरते म्हणायचे." धुळीच्या कामावर गूळ देण्याची रीत आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आहे. देणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही. पण फुफ्फुसात गेलेली धूळ गुळाने खाली उतरत नाही, आणि गूळ वाटला म्हणजे काळजी घेतली असे सगळ्यांनाच वाटत राहते.

2003 मध्ये कारखाना बंद झाला. हिशेब रोखीत मिळाला. अण्णा मोशीजवळच्या एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले. 2014 च्या सुमारास दम लागायला लागला.

इथून पुढची चार वर्षे मी फायलीत जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा जीव तुटतो. कोरडा खोकला, वजन उतरलेले, एक्स-रेवर डाग. टीबीचे औषध सुरू झाले. थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते. सहा महिने गोळ्या झाल्या, फरक नाही. 2016 मध्ये पुन्हा आठ महिने टीबीचेच औषध, इंजेक्शनांसह. प्रत्येक केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द होता, वॉचमन. आधी काय काम करत होता, हे कुणी विचारले नाही आणि अण्णांना ते सांगण्यासारखे वाटले नाही. कित्येक वर्षांपूर्वी सुटलेल्या कामाचा आताच्या दम्याशी काय संबंध, असेच कोणालाही वाटेल.

फेब्रुवारी 2018 मध्ये एका सरकारी रुग्णालयातल्या छातीविकार विभागातील तरुण डॉक्टरने त्यांची बोटे पाहिली. नखे फुगून बोटांची टोके गोल झालेली. पाठीला, खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावला तर श्वास घेताना चरचर. तिने विचारले, "आजोबा, जन्मभर वॉचमनच होतात का?" या एका प्रश्नावर पुढचा सगळा दावा उभा राहिला. एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन झाला. दोन्ही फुफ्फुसांच्या खालच्या भागात तंतुमय कडकपणा आणि दोन्ही बाजूंच्या आवरणावर चुना साठून झालेले चट्टे. फुफ्फुसे आक्रसलेली, त्यामुळे श्वासात घेतलेली हवाच कमी. डॉक्टरने अहवालात लिहिले : अ‍ॅस्बेस्टोसिस, 19 वर्षे ब्रेक लायनर उद्योगात थेट संपर्क.

वकील म्हणून मला या ओळीची किंमत माहीत आहे. बऱ्याच केसपेपरांवर नुसते 'आयएलडी' म्हणजे फुफ्फुसाच्या ऊतींचा आजार एवढेच लिहिलेले असते. औषधासाठी ते पुरते. कायद्याला आजाराचे नाव आणि कारण दोन्ही लागतात.

हक्क कुठे आहे आणि घड्याळ कुठे

या दाव्याला लागू असलेला कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923 (जुने नाव कामगार नुकसानभरपाई अधिनियम) अपघाताबरोबर व्यवसायजन्य रोगालाही अपघातच मानत होता. पुढची कलमे त्याच कायद्याची आहेत. तिसऱ्या अनुसूचीत रोगांची यादी आहे. अ‍ॅस्बेस्टोसिस तिच्या क भागात, सिलिकोसिसच्या शेजारी. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) ब भागात. यादीत नाव असले की कामामुळे रोग झाला हे सिद्ध करण्याचे ओझे बरेच हलके होते.

पण अण्णांनी काम सोडून पंधरा वर्षे झाली होती. माझ्याकडे येण्याआधी त्यांना दोन ठिकाणी सांगण्यात आले होते की आता काही होणार नाही. तसे नाही. कलम 3(2) चे दुसरे परंतुक स्पष्ट आहे. ठरावीक काळ त्या कामावर राहिलेल्या माणसाला काम सुटल्यानंतर रोग झाला आणि तो त्या कामातूनच उद्भवला हे सिद्ध झाले, तर तोही अपघातच. हक्क काम सुटल्याने जात नाही.

अडचण कलम 10 मध्ये होती. दावा दोन वर्षांत करायचा. काम सोडलेल्या माणसाला दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली, तर लक्षण दिसल्याचा दिवस हाच अपघाताचा दिवस धरला जाई. दोन वर्षांच्या आत! अ‍ॅस्बेस्टोसिस दिसायला दहा-वीस वर्षे आणि मेसोथेलिओमा दिसायला वीस ते पन्नास वर्षे लागतात. हे लिहिणाऱ्याने विषबाधेसारखा आजार डोळ्यापुढे ठेवला असावा. तंतू फुफ्फुसात रुतून बसतो, शरीराला तो विरघळवता येत नाही, आणि भोवतीची जागा वर्षानुवर्षे कडक होत जाते, हे त्या दोन वर्षांच्या हिशेबात बसत नाही.

सुटका त्याच कलमात होती. उशिराला पुरेसे कारण असेल तर आयुक्त दावा घेऊ शकत. आम्ही सांगितलेले कारण साधे होते. आजाराचे नावच फेब्रुवारी 2018 मध्ये कळले, त्याआधी दोनदा टीबी म्हणून उपचार झाले, आणि सप्टेंबर 2018 मध्ये दावा दाखल केला. टीबीचे ते चुकीचे केसपेपर अण्णा फाडून टाकणार होते. तेच आमचा उशीर माफ होण्याचे मुख्य कागद ठरले.

महाराष्ट्रात कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच या कायद्याखाली आयुक्त म्हणून काम पाहत. निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावाही करता आला असता, पण दोन्ही वाटा एकदम चालता येत नाहीत. साठी ओलांडलेल्या, ऑक्सिजनवर जाऊ लागलेल्या माणसाला दिवाणी न्यायालयाची वाट दाखवणे मला पटले नाही.

"हा माणूस आमच्याकडे नव्हताच"

कारखाना भागीदारी संस्थेचा होता. भागीदारांपैकी एक हयात, त्यांचा मुलगा आता चाकणला वेगळ्या नावाने सुटे भाग बनवतो, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस नाही. भागीदारीचे दायित्व भागीदारांवर व्यक्तिशः असते, म्हणून शटर पडल्याने उत्तरदायी कोणी उरला नाही असे होत नाही. जुन्या पत्त्यावरची नोटीस परत आली, भागीदाराच्या घरची पोचली.

उत्तर एका ओळीचे होते : हा माणूस आमच्याकडे कधी कामाला नव्हता. सोबत 1999 ते 2003 चे मस्टर जोडलेले. त्यात आठ नावे. अण्णांचे नाही.

अण्णांकडे पगारपावती नाही, पीएफचा नंबर नाही, ईएसआयचे कार्ड नाही. पगार पाकिटात. एकोणीस वर्षांच्या नोकरीचा एकही कागद घरात नाही. अशा वेळी मी माणसाला त्याच्या घरातल्या कार्यांबद्दल विचारते. लग्न, घर, शाळा. कारण तेव्हा कर्ज काढलेले असते आणि कर्ज काढताना कोणीतरी दाखला दिलेला असतो. अण्णांच्या पत्नी, अक्का, यांना आठवले, थोरलीच्या लग्नाला पतसंस्थेतून पंचवीस हजार उचलले होते. भोसरीतल्या त्या पतसंस्थेच्या माळ्यावर 2002 ची फाइल मिळाली. आत कारखान्याच्या लेटरहेडवर नोकरीचा दाखला, भागीदाराची सही, शिक्का, हुद्दा 'मिक्सिंग ऑपरेटर', रुजू 1984, मासिक पगार 4,200 रुपये. संस्थेच्या व्यवस्थापकांनी स्वतः येऊन साक्ष दिली. त्यांचे उपकार मोठे आहेत.

त्यानंतर समोरच्यांनी पवित्रा बदलला, तो ठेकेदाराचा माणूस होता. त्याला कलम 12 चे उत्तर आहे. ठेकेदाराकरवी आपल्याच धंद्याचे काम करून घेतले तरी मुख्य मालक भरपाईला बांधील.

आता फोटो. पोते दिसते, अण्णा दिसतात, मशीन दिसते, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस त्या शेडमध्ये होते याचा इतका बोलका पुरावा दुसरा नव्हता. पण फोटोत सतरा माणसे आहेत. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा किंवा अधिक माणसे असली की कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायदा लागू होत असे. आणि त्या कायद्याचे कलम 53 सांगत होते की विमाधारकाला नुकसानभरपाई कायद्याखाली मालकाकडून काही मागता येणार नाही. विमाधारक कोण? ज्याची वर्गणी भरली तो, एवढेच नव्हे. ज्याची वर्गणी देय होती तोही. मालकाने एक रुपया न भरता माणसे लपवली तरी कामगार कायद्याच्या नजरेत विमाधारक ठरू शकतो आणि त्याचा आयुक्तांपुढचा दावा बाद होऊ शकतो.

विम्याची वाट वाईट आहे असे मी म्हणत नाही. ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनी तिकडेच जावे. कायमच्या अपंगत्वाला वैद्यकीय मंडळाने ठरवलेल्या टक्केवारीप्रमाणे जन्मभर मासिक रक्कम, पूर्ण अपंगत्व असेल तर सरासरी वेतनाच्या 90 टक्क्यांपर्यंत, औषधपाणी आणि मृत्यूनंतर पत्नीला आश्रित लाभ. पण बंद पडलेल्या कारखान्याला आधी कायदा लागू होता हे ठरवायचे, मग अण्णांना विमाधारक ठरवायचे, मग मंडळ. मी दोन्ही वाटा त्यांच्यापुढे मांडल्या. ते म्हणाले, "महिन्याला किती मिळतील ते राहू द्या ताई, किती महिने मिळतील ते बघा."

फोटो आम्ही दाखल केला. खरा पुरावा हातात असताना तो दडवून न्याय मागणे मला जमले नसते. समोरच्या वकिलांनी फोटोतली माणसे मोजली असणारच. पण सतरा म्हणायचे तर स्वतःचे आठ नावांचे मस्टर खोटे ठरत होते आणि वर्गणी बुडवल्याची कबुली होत होती. ते गप्प राहिले. एवढी कडेलोटाची वाट मी दुसऱ्या कुणाला डोळे मिटून सुचवणार नाही. प्रत्येकाने आधी आपल्या कारखान्यातली डोकी मोजावीत.

27 जानेवारी 1995

याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर निकाल दिला. आरोग्याचा हक्क, नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही, घटनेच्या 21 व्या कलमातील जगण्याच्या हक्कात येतो, असे न्यायालयाने म्हटले. अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांतल्या ज्या कामगारांना अहमदाबादची राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्था बाधित ठरवेल त्यांना एक लाख रुपये द्यायला सांगितले. पण माझ्या दृष्टीने निकालाचा कणा वेगळा आहे. प्रत्येक अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्याने कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी सुरू झाल्यापासून 40 वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून 15 वर्षे, यांपैकी जे उशिरा असेल तोवर जपायची.

अण्णांचा हिशेब करू. 1984 अधिक 40 म्हणजे 2024. 2003 अधिक 15 म्हणजे 2018. उशिराचे 2024. आम्ही 2018 मध्ये आलो तेव्हा अण्णांच्या फुफ्फुसांची 1984 पासूनची नोंद मालकाच्या कपाटात असायला हवी होती. आम्ही अर्ज देऊन ती मागितली. उत्तर आले, कारखाना बंद असल्याने कागद उपलब्ध नाहीत. मात्र आठ नावांचे मस्टर उपलब्ध होते.

इथे दाव्याचे पारडे फिरले. कागद कामगाराने आणायचे की मालकाने, हा प्रश्न 1995 ला सुटलेला आहे. ज्याच्यावर जपण्याची जबाबदारी होती त्याने कागद हजर केले नाहीत, तर ते हजर झाले असते तर त्याच्या विरुद्ध गेले असते असे न्यायालय धरू शकते. तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम 114 मध्ये ही सोय होती. सोबत माहिती अधिकारात मिळालेले प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जुने संमतिपत्र होते. कच्च्या मालाच्या यादीत पहिलेच नाव अ‍ॅस्बेस्टॉस फायबर.

डॉक्टरच्या उलटतपासणीत तीन मुद्दे आले. अण्णा पूर्वी बिडी ओढत. डॉक्टर म्हणाली, बिडीने फुफ्फुस खराब होते, पण आवरणावर चुन्याचे चट्टे येत नाहीत. टीबी होता. टीबी बहुतेक वरच्या भागात खुणा ठेवतो, इथे कडकपणा तळाला आणि दोन्हीकडे सारखा आहे. शेवटी, अण्णा सिमेंटच्या पत्र्याच्या खोलीत राहत होते, त्या पत्र्यातही अ‍ॅस्बेस्टॉस असते. असते, पण अ‍ॅस्बेस्टोसिसला वर्षानुवर्षे दाट धूळ लागते, पत्र्याखाली झोपून ती मिळत नाही. ती तरुण मुलगी साक्षीच्या पिंजऱ्यात एकदाही अडखळली नाही.

रकमेचे गणित

कायमच्या पूर्ण अपंगत्वाला मासिक वेतनाचे 60 टक्के गुणिले वयाचा गुणांक. अण्णांची शाळेतली जन्मतारीख 1 जून 1957, म्हणजे आपल्या गावाकडच्या निम्म्या लोकांची असते तीच, मास्तरांनी लिहिलेली. फेब्रुवारी 2018 ला पुरे झालेले वय 60, गुणांक 117.41. मालकाने वयावर शंका घेतली, कारण दोन वर्षे वाढली की गुणांक 110.14 वर येतो. शाळेचा दाखला टिकला.

वेतन कोणते धरायचे? आम्ही म्हटले, 2018 मध्ये तशा कामाला जे किमान वेतन असते ते. तेव्हाची कायद्याची कमाल मर्यादा 8,000 होती. ती धरली असती तर 4,800 गुणिले 117.41, म्हणजे 5,63,568 रुपये. आयुक्तांनी कलम 5 प्रमाणे त्या मालकाकडचे शेवटचे वेतन धरले, 4,200. त्याचे 60 टक्के 2,520, गुणिले 117.41, म्हणजे 2,95,873 रुपये. त्यावर कलम 4-अ प्रमाणे 12 टक्के सरळ व्याज. दंड लावला नाही.

निकाल कायद्याला धरून आहे हे मला मान्य आहे. पण 2003 च्या पगारावर 2018 च्या श्वासाची किंमत काढणे चूक आहे, आणि उशिरा उमटणाऱ्या रोगांसाठी रोग कळला त्या वेळचे वेतन धरण्याची दुरुस्ती कायद्यात झाली पाहिजे. आजार जितका उशिरा दिसेल तितका मालक स्वस्तात सुटतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा 1923 चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत मिसळला आहे. ही दुरुस्ती आता तिथे मागावी लागेल.

निकाल 2022 मध्ये लागला. अण्णा तो ऐकायला नव्हते. 2020 मध्ये करोनामुळे तारखा थांबल्या आणि जानेवारी 2021 मध्ये ते घरीच गेले. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले होते, हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे. प्रत्येकच मृत्यूत ते होते. अ‍ॅस्बेस्टोसिस हा शब्द त्या दाखल्यावर नव्हता आणि शवविच्छेदन झाले नव्हते, त्यामुळे मृत्यूची वेगळी भरपाई मागण्याचा धोका न पत्करता आम्ही अक्का आणि मुलांना वारस म्हणून आणून अपंगत्वाचाच दावा पुढे चालवला. खरे तर हा सल्ला मी आधीच द्यायला हवा होता. आजारी माणूस घरी असतानाच कुटुंबाने डॉक्टरांना सांगून ठेवावे की मूळ आजाराचे नाव दाखल्यावर आले पाहिजे. ते सांगायचे माझ्याकडून राहून गेले.

मालकाने उच्च न्यायालयात अपील केले. पण मालकाला या अपिलाआधी पूर्ण रक्कम आयुक्तांकडे भरावी लागली, कलम 30 ची ती अट होती. चार वर्षांचे व्याज 1,42,019 धरून 4,37,892 रुपये जमा झाले. त्यातला काही भाग अक्कांना काढता आला आहे. अपील अजून सुनावणीला यायचे आहे.

अक्का एकोणीस वर्षे अण्णांचे कामाचे कपडे दगडावर आपटून धूत होत्या. आधी अंगणात झटकायच्या, मग भिजवायच्या. घरातल्या अशा संपर्कानेही हा आजार होतो, आणि त्यासाठी या कायद्यात एक शब्दही नाही, कारण त्या कर्मचारी नव्हत्या. आम्ही दरवर्षी त्यांचा एक्स-रे काढून घेतो. आतापर्यंत स्वच्छ आहे.

फोटोतल्या सतरांपैकी नऊ जणांचा पत्ता लागला. चार गेले आहेत, तिघांवर दम्याचे किंवा टीबीचे उपचार झाले होते. त्या तिघांना आम्ही एचआरसीटीला पाठवले. दोघांच्या आवरणावर तेच चट्टे आहेत. उजवीकडून दुसरे उभे आहेत त्यांचा दावा आता दाखल होतो आहे. त्यांची नोकरी 1986 ला सुरू झाली, त्यामुळे नोंद जपण्याची मुदत 2026 पर्यंत आहे. त्यांच्या दाव्यालाही हाच फोटो लावला आहे.